चार वाजताची सुनावणी

कॉम्प्युटर एकदा लांबलचक ओरडला, थांबला आणि पुन्हा ओरडला. पडदा काळाच राहिला.

"गेला वाटतं," जावई म्हणाला.

शिवणबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. "मी आत गेले तेव्हा तर चालू होता."

"तेच तर ना, आई. एकदम बंद पडला. मशीनचा काही भरवसा नसतो."

शिवणबाई त्याच्या सासूबाई. जन्मभर याच पुढच्या खोलीत बायकांना शिवण शिकवलं, म्हणून गल्लीने त्यांना ते नाव दिलं. आता ही इमारत पाडून तिथे टॉवर बांधायचं बिल्डरच्या मनात होतं. बाकी सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या, एकट्या बाई अडून बसल्या. त्यांचा आक्षेप आज अधिकारी कॉम्प्युटरवरून ऐकणार होते. चार वाजता सुनावणी आहे, असं त्यांनी लेकीला आणि जावयाला आठवडाभर बजावलं होतं. बाई हजर राहिल्या नाहीत तर निकाल एकतर्फी लागणार आणि घर हातचं जाणार.

मागच्या तारखेलाही कॉम्प्युटरने ऐन वेळी असाच दगा दिला होता. तेव्हाही जावई जवळ होता म्हणून निदान धीर तरी होता. दुसऱ्या दिवशी त्याने आतली रॅमची पट्टी काढून पुसली, परत बसवली आणि मशीन निमूट सुरू झालं. अधिकाऱ्यांनी मेहेरबानी करून शेवटची तारीख दिली, ती आजची.

बाई सकाळपासूनच ठेवणीतली साडी नेसून तयार होत्या.

"आधी वायर बघू," म्हणत जावई कामाला लागला. त्याने प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. पडद्याची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. बटण दाबलं. आतला पंखा फिरला, मशीन तसंच ओरडलं, पडदा काळाच.

"बाकीच्यांनी सह्या केल्या, आई. लिफ्ट मिळेल, नवी फरशी मिळेल. तुम्ही कशाला एकट्या भांडत बसता?"

"सगळ्यांनी उलटी शिवण घातली म्हणून मी पण घालू? मी इथून हलणार नाही. मशीन ओरडू दे नाहीतर बिल्डर ओरडू दे."

जावयाने कॉम्प्युटरच्या खोक्याची उघडी बाजू भिंतीकडे वळवली आणि तो मध्येच फतकल मारून बसला. बाईंना त्याची पाठ तेवढी दिसत होती.

"बरंच गरम आहे हो. सकाळपासून चालू होतं का?"

"जरा तालीम केली. साहेबापुढे बोलायची सवय कुठे आहे मला?"

"म्हणूनच तापलं असेल." त्याने धूळ फुंकली. सगळी धूळ त्याच्याच तोंडावर आली.

"ती पट्टी पुसून बघा ना, मागच्यासारखी."

"पुसली. पुसून बसवली. हे प्रकरण वेगळं आहे. बोर्डच गेलाय बहुतेक."

त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि कट केला. "ऑफिसचे लोक. नंतर बघू. आधी तुमचं काम."

"मग तुमच्याच फोनवरून लावून द्या की सुनावणी. माझा तर नुसता बटणांचा डबा."

"कॅमेरा बिघडलाय हो कालपासून. नाहीतर तुम्हाला सांगावं लागलं असतं का?"

बाईंनी मान डोलावली. मग वाकून त्याच्या शर्टाकडे बघू लागल्या. शर्ट त्यांनीच शिवला होता, गेल्या वाढदिवसाला.

"खिसा काय असा ताठ उभा राहिलाय? मी तर मऊ पडेल असा बेतला होता. काय कोंबलंय?"

"कंगवा आहे," जावई म्हणाला आणि त्याने खिशाचं बटण लावलं.

"खिसा ओढला जाईल. जपून हं."

फोन पुन्हा वाजला. पुन्हा कट झाला. घड्याळाचा काटा चारकडे सरकत होता आणि जावई एकेक वायर उपटून पुन्हा खोचत होता. बाई खुर्चीत ताठ बसून होत्या. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही की डोळ्याला पदर लावला नाही. चहावर साय धरली.

चार वाजले. मग चार वाजून गेले.

जावई उठला. टकलावरचा घाम त्याने रुमालाने पुसून काढला. "संपलं, आई. मी माझ्याकडून काही बाकी ठेवलं नाही. आता वाईट वाटून घेऊ नका, चार कपडे भरा आणि आमच्याकडे चला. मी तुम्हाला काही कमी पडू देणार नाही."

"जावईबापू, फार राबलात हो माझ्यासाठी."

"असं काय बोलता? घरचंच काम."

फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी तो थांबेचना.

बाई उठल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तो खिशातला कंगवा काढा आणि मशीनमध्ये होता तिथे परत बसवा," त्या म्हणाल्या. "आणि बिल्डरचा फोन घ्या आता. सुनावणी सकाळीच झाली, इमारत पाडायची नाही असा निकाल लागला, एवढंच तो मघापासून तुम्हाला सांगायला बघतोय."