शनिवारचं गिऱ्हाईक

पडद्यावर सहा निळे खांब उभे राहिले. पाच बोटभर उंचीचे, शनिवारचा मात्र पार छताला टेकलेला.

"तुमचे दुकानदार चहापावडर शनिवारीच घेतात," विक्रीचे आकडे वाचायला पुण्याहून बोलावलेल्या मॅडम म्हणाल्या. "मग रोज माणसं कशाला फिरवायची? शनिवारी दोन गाड्या पुरेत."

मालकांनी मान डोलावली. मागच्या रांगेत खोतांचं बिस्कीट चहात तुटून पडलं, तरी हात तसाच राहिला. चहापावडर विकण्यात त्यांची हयात गेली होती. ऑर्डर दुकानातच मोबाइलवर भरायची, हा कंपनीचा नियम. पण मोबाइल काढला की दुकानदार हात आखडता घेतो, हे खोतांना पक्कं ठाऊक. म्हणून आठवडाभर गप्पा मारत माल खपवायचा आणि शनिवारी जेवण झालं की जवळजवळ साऱ्या ऑर्डरी एकदम भरून टाकायच्या. बाकीच्या सेल्समननाही ही युक्ती त्यांनीच शिकवली होती.

"मामा, बोला की!" शेजारचा रणजित कुजबुजला. "सगळ्यांच्या नोकऱ्या जातील."

"खरं सांगितलं तर आत्ताच जातील, बाबा. नियम मोडला म्हणून."

"खोत, बाजारात तुम्ही फिरता," मालकांनी विचारलं. "तुमचा अनुभव काय म्हणतो?"

खोत उभे राहिले.

"मॅडमचं बरोबर आहे, साहेब. शनिवारी मान वर करायला फुरसत नसते."

मालकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. खोतांनीही वाजवल्या.