छातीवरचा रुमाल

बालवाडीतल्या सगुणाबाई अजूनही प्रत्येक पोराच्या छातीवर पिनेने रुमाल अडकवायच्या. हाताची जुनी सवय, दुसरं काय. पुसायला कुणाच्याच नाकात काही नसायचं. सर्दी कायमची घालवणारी फवारणी आयांनी गरोदरपणीच घेतली होती आणि ही सगळी मुलं कोरडीच जन्मली होती.

यामिनीनेही हौसेने घेतली होती. लहानपणी तिला गल्लीभर शेंबडी म्हणून चिडवायचे. आपल्या लेकराच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. पण शेंबडाबरोबर तिच्या विहंगच्या अंगातलं आतलं चिकट अस्तरही गेलं होतं; आता धूळ त्याच्या छातीत थेट उतरायची, साधं वरणही पोटात आग पेटवायचं. नाकात औषधी जेल सोडून सोडून ती थकली होती. तरी रोज त्याला न्यायला आली की आधी रुमाल चाचपायची. तो कोरडा ठणठणीत.

आज सगुणाबाई दारातच उभ्या होत्या. हातात विहंगचा रुमाल होता, ओला आणि चिकट. यामिनीने तो ओढून घेतला, बोटांत चोळून पाहिला. खरोखरचा शेंबूड होता.

"बाई, त्याचं नाक वाहिलं?" तिला हसू आवरेना. "कुठंय तो?"

"त्या रुमालाने मीच माझं नाक पुसलंय, ताई," सगुणाबाई खाली बघत म्हणाल्या. "तुमचा फोन लागेना. अँब्युलन्सची वाट बघत त्याला मांडीवर घेऊन बसले होते. त्याचा श्वास थांबला, तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं."