पान्याची पथ्यं

“हातमोजे घाल आन् तेवढं पुसून घे, पोरी,” बबनराव म्हणाले.

विजयश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून हलली नाही. ओसरीवर पाना ओकला होता आणि चोरी पकडल्यासारखा मान खाली घालून बसला होता.

“मामा, आज तुम्हीच पुसा,” ती म्हणाली, आणि ओढणी नाकाला लावून आत गेली.

बबनरावांनी पुसलं. गुडघे कुरकुरले, मन त्याहून जास्त. सून गेले काही दिवस अशीच वागत होती.

पाना म्हणजे बबनरावांच्या मुलाचा, गणराजचा कुत्रा. चाकणच्या कंपनीत भंगाराच्या ढिगाऱ्यात हे पिल्लू सापडलं, तेव्हा त्यानं गणराजच्या बुटाची नाडी दातांत धरली ती तळवड्यात घर येईपर्यंत सोडली नाही. धरलं की सोडत नाही, म्हणून पाना. पुढं कंपनीच्या बसचा हॉर्न तो शंभर गाड्यांतून ओळखायचा. गणराजच्या सुट्टीच्या दिवशी मात्र त्याच हॉर्नला कान हलवायचा नाही. गल्लीतले लोक तर सांगतात, गणराजला ओव्हरटाइम असला की हाही उशिरा जेवायचा. ह्यातलं निम्मं खोटं धरा. उरतं तेही थोडंथोडकं नाही.

मग त्याच्या गळ्याखाली गाठी आल्या. पिंपळे सौदागरच्या डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर सांगितला, दर आठवड्याला सलाइनमधून औषध सांगितलं आणि घरात पाळायची पथ्यं सांगितली. गणराज आणि विजयश्रीनं ती कान देऊन ऐकली. बबनरावांच्या ध्यानात हातमोजे तेवढे राहिले. बाकीचं ऐकायला पोरं होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गणराज सकाळच्या शिफ्टला निघाला आणि चाकणच्या रस्त्यावर बस गाठताना ट्रेलरखाली गेला. ज्याच्यासाठी घर रडत होतं तो राहिला आणि भलताच गेला.

सासरा-सुनेनं मग सगळं दुःख पान्यावर खर्च केलं. ती त्याला भात कालवून घास भरवायची, हातमोजे घालून घाण काढायची, रिक्षात गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायची. बसचा हॉर्न वाजला की पाना अजून फाटकाकडं बघायचा. तेव्हा दोघं दोन दिशांना तोंड फिरवायची. बबनरावांना वाटायचं, हा आहे तोवर गणराज थोडातरी घरात आहे. आणि हा आहे तोवर सूनही.

आणि आता हे. मागल्या खेपेला ती रिक्षात बसायलाच तयार नव्हती.

“खड्डे फार आहेत, मामा.”

“खड्डे काय आज पडले व्हय?”

अंथरूण तिनं आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. पाना त्या बंद दारापुढं आडवा पडून राहू लागला. कुणाची चाहूल लागली की, अंगात त्राण नसताना, गुरगुरायचा.

“सुनंची वाट अडवतंय बघा ते,” शेजारच्या सोजराबाई कुंपणावरून म्हणाल्या. “मुक्या जनावराला कळतं. तरणी पोर हाय, बबनराव. दोनदा राहिलं, टिकलं न्हाई. पोटी काय असतं तर बांधून राहिली असती. कुत्र्याच्या जिवावर किती दिस ऱ्हाईल?”

“तुमी तुमची मेथी निवडा,” बबनराव म्हणाले.

पण शब्द रुतला. त्याच दुपारी आतून विजयश्रीचा दबका आवाज ऐकू आला. राजगुरुनगरला आईशी फोन चालला होता.

“आत्ता नको, आई. मामांना तर नकोच. आधीच खचलेत ते. जरा जाऊ दे, मग मीच सांगेन. आणि दादाला बोलू नकोस, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

बबनरावांनी आपणहून तिच्या भावाला, कुलदीपला, फोन लावला.

“बहिणीला घेऊन जा, कुलदीपराव. उद्या दुपारी मोटारसायकल घेऊन या. सामान मी मागनं पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी पान्याला दवाखान्यात न्यायचं होतं. निघता निघता त्यांनी सुनेला सांगितलं. “तुझा भाऊ येतोय. जा माहेरी. हितं तुला घाण वाटाय लागली.”

“घाण नाही वाटत, मामा.”

“मग काय वाटतं?”

पान्यानं तिच्याकडं बघून शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. ती दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली.

“त्याला सांभाळून न्या,” एवढंच म्हणाली.

रिक्षात बबनराव एकटेच कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले. तो आता रिकाम्या पिशवीएवढा हलका झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी पान्याचा गळा चाचपला, सलाइन लावली आणि बबनरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

“गाठी परत वाढल्यात, आजोबा. फार आशा धरू नका.”

“म्हंजे माझ्या गणराजचं मागं कायच ऱ्हात न्हाई,” बबनराव म्हणाले.

बाई शेजारच्या टेबलाकडं वळल्या. तिथं एक नवराबायको आपल्या लॅब्राडॉरला कवटाळून उभे होते. त्यांची पहिलीच खेप होती. बबनराव सलाइनच्या थेंबांकडं बघत होते आणि कानांना दार नसल्यामुळं ऐकत होते.

“घरी पथ्यं पाळा,” बाई सांगत होत्या. “घाण काढताना हातमोजे. लहान मुलांना चाटू द्यायचं नाही. भांडी वेगळी. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिनं ह्याच्या लघवीला, ओकारीला हातमोजे घालूनसुद्धा हात लावायचा नाही. हे औषध पोटातल्या बाळाला बाधतं.”

बबनरावांनी खिशातून फोन काढला.

“कुलदीपराव,” ते म्हणाले, “पोचला असाल तर तिथंच थांबा. पोरीला मोटारसायकलवर बसवू नका.”