डाव्या हाताचा अभिषेक

पुण्याची पूजा पिवळसर झाली, इंदूरची निळसर. भोपाळच्या चौकटीत निहारिकाने पिंडी जरा मोठी करून घेतली. राहिलं नागपूर.

देवघरात तिचे सासरे, श्रीधर गुरुजी, रुद्राभिषेक करत होते. तिथल्या एकुलत्या एका वेबकॅमची वायर झरोक्यातून तिच्या टेबलापर्यंत आली होती. पूजा एकच, पण लॅपटॉपवर तिच्या चार पूजा होत आणि चार लिंकांवरून चार घरी जात. सुरुवातीला तिने फिल्टर थेट कॅमेऱ्यालाच लावला, तर चारही घरी सारखाच रंग गेला. मग डोक्यात प्रकाश पडला, की फिल्टर कॅमेऱ्याला नाही, प्रत्येक चौकटीला वेगळा लावायचा.

याला फसवणूक म्हणतात, हे तिला माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दिवसाला चार पूजा झेपणार नाहीत, आणि उज्जैनहून पूजा हवी म्हणणाऱ्याला नाही म्हणायला तिची जीभ वळली नाही. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ती रोज एकाच यजमानाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायची. बाकीच्या तिघांना सांगायची, "तुमचा संकल्प पहाटेच झाला हं." सांगताना कानशिलं तापायची.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वेबकॅम बसवताना त्यांनी एकच अट घातली होती, "माझा चेहरा नको गं. देव दिसू दे. हात दिसले तरी पुष्कळ." सोवळं कडक. पूजा चालू असताना देवघराचं दार लोटलेलं, आत कोणी पाऊल टाकायचं नाही. बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली अक्का, त्या वेळी देवदर्शनाला गेलेली असायची.

पडद्यावरचे ते दोन सुरकुतलेले हात पाहिले की निहारिकाला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धार कशी अखंड, थेंबभर इकडेतिकडे नाही. एरवी बाबा थकले होते. चहा अर्धाच कप मागत, तोही आपल्या खोलीत जाऊन घेत. पण पाटावर बसले की हात एकदम भक्कम!

नागपूरच्या अलकाताई आणि इंदूरची मंडळी नात्यातली. दोघांचे व्हिडिओ त्यांच्या घरच्या एकाच ग्रुपवर पडायचे, म्हणून दोन पूजांत फरक ठळक हवा. रंग बदलून पाहिले, मनासारखे होईनात. शेवटी तिने नागपूरची चौकट आरशासारखी उलटी केली. एकदम बढिया. पूजा अगदी दुसरीच वाटायला लागली.

पाचच मिनिटांत फोन वाजला.

"निहारिका, गुरुजी डाव्या हाताने अभिषेक का करताहेत?" अलकाताईंचा आवाज कापत होता.

तिने पडद्याकडे पाहिलं. उलट्या चौकटीत तांब्या डाव्या हातात होता.

"ताई, ते... वो कॅमेऱ्याची गडबड आहे. मी ठीक करते ना लगेच."

"आज रोहनचं ऑपरेशन आहे गं. साडेदहाला आत नेणार आहेत. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून बघतेय. अशा दिवशी हे अशुभ... त्याचं नाव नीट घेतलंय ना गुरुजींनी?"

"हो," निहारिका म्हणाली. "घेतलंय."

फोन ठेवल्यावर तिला आपलाच राग आला. आज चिठ्ठीवर पुण्याच्या यजमानांच्या, वाढदिवस असलेल्या नातवाचं नाव होतं. रोहनचं नाव या घरात कोणी उच्चारलंही नव्हतं. तिकडे एक आई जिन्यात बसून हात जोडत होती, आणि इकडे आपण रंग खालीवर करत बसलो होतो. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

तिने घड्याळ पाहिलं. सव्वादहा. बाबांना आत्ताच्या आत्ता सगळं सांगितलं, तर त्या मुलाच्या नावाने खरा संकल्प तरी होईल. मग बाबा रागावोत, घराबाहेर काढोत. चारही घरांना फोन करून ती कबूल करणार होती.

तिने पाय धुतले आणि देवघरापाशी आली. आतून बाबांचा रुद्र स्वच्छ ऐकू येत होता. सोवळं मोडायचं म्हणून एक क्षण ती थबकली. मग दार ढकललं.

"बाबा, माफ करा, पण मला तुम्हाला..."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते, तरी खांद्यापर्यंत ते लटलट कापत होते. पाटावर, पिंडीसमोर, अक्का होती. तिच्या बिनबांगड्यांच्या हातातल्या तांब्यातून धार अखंड पडत होती.

रुद्र थांबला. बाबांनी सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हात अक्काचे आहेत, हे किती घरांना कळलं?" त्यांनी विचारलं.