कमिटीतली रिकामी जागा

"नोटीस फळ्यावर पुरेसे दिवस लागली होती ना?" कायदेकाकांनी चष्मा वर सरकवत विचारलं.

दाराशी उभ्या टेलरबाईंनी कपाळाला आठी घातली. म्हणजे आजही हे गृहस्थ काहीतरी खुसपट काढणार!

"लागली होती," मास्तर म्हणाले. "मी स्वतः लावली."

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष, म्हणजे कायदेकाका. समोर दातांचे डॉक्टर आणि मास्तर. कमिटी तशी पाचांची, पण एकजण परदेशात लेकीकडे जाऊन बसलेले आणि एकजण घर विकून गेलेला. त्या गेलेल्याची जागा आज भरायची होती आणि ती टेलरबाईंना हवी होती. हवी म्हणजे काय, जीवच अडकला होता त्या जागेत.

राहत्या घरात धंदा करायला बंदी, असा ठराव काका आणि डॉक्टर आणू पाहत होते. अख्ख्या इमारतीत घरात धंदा कोणाचा? एकट्या टेलरबाईंचा! पुढच्या खोलीत शिलाईची दोन मशिनं, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला नवरा. बाहेर गाळा घ्यायची ऐपत नाही, आणि असती तरी त्याला एकटं टाकून जायचं कसं? मशिनं थांबली की चूल थांबली.

"मी एकटा किती दिवस खिंड लढवू?" मास्तर परवाच म्हणाले होते. "मी दर सभेला भांडतो म्हणून ठराव अडलाय. तुम्ही आत या. दोघांविरुद्ध दोघं झालो की बरोबरी, आणि बरोबरीत ठराव पडतो."

तेव्हापासून बाईंना धड झोप नव्हती.

"रिकामी जागा भरायला कमिटीतले उरलेले सभासद पुरतात," काका नियमांच्या पुस्तकातून वाचत म्हणाले. "तेव्हा त्यात अडचण नाही. टेलरबाईंच्या नावाला सूचक कोण?"

"मी," मास्तर म्हणाले.

"अनुमोदक?"

अध्यक्षांना अनुमोदन देता येत नाही, म्हणजे उरले डॉक्टर. आणि डॉक्टर तर मशिनच्या आवाजाने झोप उडते म्हणून गावभर सांगत फिरायचे. आता ते आपली नखं बघत बसले होते. बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

"माझं अनुमोदन," डॉक्टर म्हणाले.

बाईंचा कानांवर विश्वास बसेना. मास्तरसुद्धा आ वासून बघत राहिले.

"थांबा, घाई नको," काका म्हणाले. "बाई, घर तुमच्या नावावर आहे ना?"

"आम्हा दोघांच्या."

"चालेल. पण संमती तोंडी नको, लेखी द्या. उद्या कोणी बोट ठेवायला नको."

मेला, शेवटपर्यंत छळणार! बाईंनी लिहून दिलं.

"आता हात वर करा."

तीन हात वर झाले. काकांचासुद्धा! बाईंचे डोळे भरून आले. उगाच आपण या माणसाला इतके दिवस पाण्यात पाहिलं, असं वाटून त्यांना लाज वाटली. कडक असेल, पण नियमाने वागतो बिचारा.

"अभिनंदन. हजेरीत सही करा आणि या, टेबलाशी बसा," काका म्हणाले. डॉक्टरांनी तर उठून खुर्ची ओढून दिली. बाईंनी सही केली, बसल्या.

"आता येऊ दे ठराव," मास्तर त्यांच्या कानाशी पुटपुटले.

काकांनी पुस्तकाचं पान उलटलं.

"नोटिशीतला पुढचा विषय, घरातल्या धंद्यांवर बंदी. बाई, ज्याचा स्वतःचा संबंध असतो त्याला मत देता येत नाही, तेव्हा तुम्ही हात वर करू नका, फक्त बसून राहा. हा ठराव करायला सभेत चारजण हजर लागतात, आणि इतके दिवस आम्ही तिघंच होतो."