मिशीखालची फट

"आडवे व्हा, अबू लमीस. बसल्या बसल्या मास्क बसवून उपयोग नाही. झोपलं की चेहरा बदलतो."

नव्वाफ तपासणीच्या खाटेवर आडवा झाला. अम्मानच्या त्या दवाखान्यात मास्क बसवून देण्याचं काम यनाल करायचा. त्याने नव्वाफच्या नाकातोंडावर मास्क ठेवला, पट्टे डोक्यामागे नेले आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून हवा सोडणारं मशीन सुरू केलं. मिशीपाशी हवा सुरसुरली.

त्याची बायको अबीर कडेच्या खुर्चीत बसून बघत होती. नव्वाफ ज्या लेकीमुळे अबू लमीस, म्हणजे लमीसचा बाप, झाला होता ती सात महिन्यांची लमीस तिच्या मांडीवर खुदकन हसली. बापाचं हे सोंग तिच्या रोजच्या ओळखीचं होतं.

"आवळ की अजून," नव्वाफ मास्कमधून म्हणाला.

"आवळला की जास्त गळतो. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत." यनालने मास्क किंचित पुढे ओढून परत बसवला. सुरसुर कमी झाली, थांबली नाही. मग मशीनमधलं कार्ड काढून त्याने संगणकात घातलं आणि एकेका रात्रीचे आकडे बघत गेला.

"नापास?"

"मास्क रोज घालता, सात-सात तास. त्याबद्दल तक्रार नाही. पण निम्मी हवा बाहेर जाते. हवा गेली की घसा मिटतो, रात्रभर झोप मोडते आणि दिवसा माणूस स्टिअरिंगवर पेंगतो. परवाना देणाऱ्या मंडळाला तीस रात्रींची चांगली नोंद लागते. ही दुसरी खेप. तिसरीही अशीच आली तर ट्रकचा परवाना कायमचा विसरा."

नव्वाफने छताकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यात फॉस्फेट भरलेला त्याचा ट्रक रास अन-नकबच्या उतारावर रस्ता सोडून गेला होता. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. एका धोंड्याला अडकला म्हणून तो वाचला. अबीरला तेव्हा सातवा महिना होता. सगळे नको म्हणत असतानाही ती तिथे गेली होती आणि त्या धोंड्यापलीकडे काय आहे ते वाकून बघून आली होती.

"मास्क कसा धुता, उम्म लमीस?" यनालने विचारलं.

अबीरने पर्समधून वही काढली. "मागच्या वेळी तुम्ही सांगितलेलं सगळं लिहून ठेवलंय. रोज कोमट पाणी. सौम्य साबण. सावलीत वाळवायचा. झोपण्याआधी यांनी तोंड धुवायचं, क्रीम लावायचं नाही."

"आणि नाबलसचा साबण नाही ना? त्यातलं जैतूनचं तेल रबराच्या कडेवर बसतं. डोळ्यांना दिसत नाही, पण मास्क रात्रभर घसरत राहतो."

"नाही नाही. लमीसच्या साबणाने धुते मी."

"वाहवा. आणि तुम्ही काय करता हो, अबू लमीस?"

"मी घोरतो."

यनाल हसला. मग त्याची नजर नव्वाफच्या वरच्या ओठावर थांबली. "मग एकच गुन्हेगार उरतो."

"दुसरं काहीही सांग, उस्ताद."

"केसांखालून हवा जाते. मी काय करू?"

"याच मिशीवर हात ठेवून मी कंपनीत शब्द दिलाय, पुढल्या महिन्यात गाडीवर येतो म्हणून."

"मग मिशी तरी ठेवा, नाहीतर शब्द तरी."

बसने मआनला घरी पोचेपर्यंत नव्वाफ मिशीवरून बोट फिरवत राहिला. गेले कित्येक महिने तो भावाच्या टायरच्या दुकानात बसत होता. दुपारी जेवायला घरी यायचा, लमीसला मऊ भात भरवायचा, आणि हायवेवरून ट्रकचा आवाज आला की घास हातातच राहायचा. "टायर विकणारा नवरा काही वाईट नसतो," अबीर एकदा म्हणाली होती. "आरशात बघायला वाईट असतो," तो म्हणाला होता. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. रात्री मात्र ती जागायची. त्याचा श्वास थांबला की आकडे मोजायची, आणि दहा झाले की त्याला कुशीवर वळवायची. श्वास परत सुरू झाला की मगच तिचा सुरू व्हायचा.

संध्याकाळी नव्वाफ न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा त्याचा वरचा ओठ पांढराफटक दिसत होता. लमीसने एक क्षण त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"घ्या. पोरीने बाप नाकारला." तो खाली बसला. "कसा दिसतो?"

"बारावीच्या परीक्षेला निघाल्यासारखा."

"बारावीला मला मिशी होती." त्याने सवयीने ओठावर हात नेला आणि काढून घेतला. "आता बसेल ना गं मास्क?"

"आता अडायला काय राहिलंय?"

तो बाहेरच्या खोलीत नमाजला गेला. अबीरने कोमट पाण्यात मास्क धुतला. रबराची कड बोटाने चोळून चोळून स्वच्छ केली, पट्टे झटकले, खिडकीशी उजेडात धरून पाहिला. मऊ फडक्याने टिपून उशीजवळ ठेवला.

मग तिने लमीसला पुढ्यात घेतलं. इथल्या सगळ्याच आया करतात तसं, वाटीत जैतूनचं तेल कोमट करून पाय, पाठ, छाती चोळली. पोर हात-पाय ताणत तिथेच झोपून गेली. बाहेर नव्वाफची दुआ लांबली होती. आज तो काय मागतोय हे तिला ठाऊक होतं.

तळहातावर रोजच्यासारखं थोडं तेल उरलं होतं. अबीरने मास्क मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखंच रबराच्या कडेवरून ते बोटाने सावकाश गोल फिरवलं. मिशी असायची तिथे, आजपासून, जरा जास्त.