बसलेल्यांची यादी
कंपनीचा इतिहास लिहायला घेतला आणि अकोल्याच्या गोदामातला तो जुना कॉम्प्युटर चालू करवला. त्या काळी अकोट, अमरावतीची गिऱ्हाइकं टेलिफोनच्या तारेवरून हेच एक यंत्र एकाच वेळी भाड्यानं वापरायची. ऑपरेटर कुमुदताई आता पंचाहत्तरीच्या. टाइपरायटरसारख्या त्या मशीनसमोर बसून त्यांनी रिवाजाप्रमाणे, आपलं नाव टाकण्याआधी, बसलेल्यांची यादी, म्हणजे त्या घडीला नाव टाकून यंत्रावर कोण कोण आहे ते, मागितली. यंत्र घुटमळलं. "जुनं झालंय," मी म्हणालो. "नाई जी. एकटं कोनी असलं तं झटक्यात सांगते. दुसरे बसले असले तं असंच रेंगाळते." भिंतीवर अकोट-अमरावतीच्या दोन्ही तुटक्या तारा लोंबत होत्या. "तिकडं कोण बसायचं?" "अकोटले इंदिराबाई, अमरावतीले देवरावजी. दोघंई वारले." कागद सरकला. इंदिराबाईंचं नाव आलं, मग देवरावजींचं. कागद पुन्हा सरकला. तिसरं नाव कुमुदताईंचं होतं. त्या पुटपुटल्या, "मी तं आजून नाव टाकलंच नाई जी."